झिजलेल्या नाण्याचं वजन

यूपीआय आल्यापासून खिशात नाणी फारशी उरलेली नाहीत. पण देवघरातल्या वाटीत किंवा आजीच्या बटव्यात अजून सापडतात. त्यातली एकाच प्रकारची दहा-बारा नाणी निवडा. टाकसाळीतून बाहेर पडली तेव्हा त्यांचं वजन जवळपास सारखं होतं, आज ते तसं नाही. हातातून गल्ल्यात, गल्ल्यातून पिशवीत, पिशवीतून पुन्हा हातात, असं फिरताना प्रत्येक वेळी धातूचा डोळ्याला न दिसणारा कण निघून जातो. जुनं नाणं हलकं होतं. यात नवं काही नाही, हे किराणा दुकानदारालाही माहीत असतं.

१९४०च्या सुमारास पुण्यात गणित शिकवणाऱ्या एका माणसानं या साध्या गोष्टीतून एक प्रश्न काढला. नाणं झिजतं, तर त्या झिजेचा घड्याळासारखा उपयोग होईल का? ज्या नाण्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, ते किती काळ बाजारात फिरलं हे त्याच्या वजनावरून सांगता येईल का?

त्या माणसाचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ त्यांना गणितज्ञ म्हणून ओळखतात, इतिहासकार इतिहासकार म्हणून, संस्कृतचे अभ्यासक भर्तृहरीचे संपादक म्हणून, आणि जनुकशास्त्र शिकणारी मुलं एका सूत्राचं नाव म्हणून. ही चार माणसं नाहीत, एकच आहे, हे अनेकांना उशिरा कळतं.

मी पवनीचा. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेलं हे गाव. शिक्षणानं मी संगणक अभियंता आणि रोजचं काम डेटाचं. आमच्या गावाला जुना तट आणि खंदक आहे, मातीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप आहेत, आसपास मालगुजारी तलाव आहेत आणि तालुक्यातच गोसीखुर्दचं धरण आहे. पवनीतल्या स्तूपांचं मोठं उत्खनन १९६९-७० मध्ये झालं. कोसंबी त्याआधीच, २९ जून १९६६ला गेले होते. त्यामुळे हा लेख कोसंबींनी पवनीबद्दल काय म्हटलं याबद्दल नाही. त्यांची पद्धत समजून घेतली की पवनीकडे कसं बघता येतं, याबद्दल आहे.

घड्याळ झालेलं नाणं

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. बुद्धाच्या शोधात घर सोडून श्रीलंकेपर्यंत गेलेला माणूस. हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी ते अमेरिकेला जात, तेव्हा मुलगाही बरोबर गेला. दामोदर तिथल्या शाळेत शिकले आणि १९२९मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे त्यांनी बारा वर्षं गणित शिकवलं.

संख्याशास्त्र शिकायचं तर खरा प्रश्न हवा, नुसती पुस्तकी उदाहरणं नकोत, असं त्यांना वाटत होतं. तो प्रश्न त्यांना आहत नाण्यांमध्ये मिळाला. आहत नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे, वजन साधारण साडेतीन ग्रॅम. पुढच्या बाजूवर वेगवेगळे ठसे मारलेले असतात: सूर्य, डोंगर, प्राणी, झाडं. अक्षर एकही नाही. ही भारतातली सर्वांत जुनी नाणी. पण अक्षर नसल्यामुळे कोणतं नाणं कोणत्या राजाचं, कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, यावर अभ्यासकांचे नुसते अंदाज चालले होते.

तक्षशिलेला मातीत पुरलेल्या नाण्यांचे साठे सापडले होते. त्यातल्या एका साठ्यात अलेक्झांडरची नाणीही होती, त्यामुळे तो साठा साधारण कधी पुरला गेला हे ठरत होतं. कोसंबींनी ही नाणी एकेक करून तराजूवर ठेवली. शिवाय त्यांच्या स्वतःच्या काळातली चलनी नाणीही तोलली, कारण झीज कशी होते हे आधी ज्ञात वयाच्या नाण्यांवर तपासून पाहायला हवं होतं. अशी हजारो नाणी.

हिशेब असा निघाला. नाणी जितकी जास्त काळ फिरतात तितकी त्यांच्या वजनाची सरासरी खाली येते. त्याचबरोबर त्यांच्यातला आपसातला फरकही वाढतो, कारण काही नाणी खूप फिरतात, काही मडक्यात पडून राहतात. म्हणजे एका नाण्यावरून काहीच सांगता येत नाही. पण शंभर नाण्यांच्या गटावरून सांगता येतं.

दुसरा धागा नाण्याच्या मागच्या बाजूला होता. तिथे बारीक-बारीक खुणा असतात. कोसंबींनी त्या मोजल्या आणि वजनाशी ताडून पाहिल्या. मागच्या खुणा जितक्या जास्त, तितकं नाणं हलकं. त्यांनी अर्थ लावला तो असा: या खुणा राजाच्या नाहीत. ठरावीक काळानं नाणी तपासणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आहेत. एकेक खूण म्हणजे एकेक तपासणी.

इथे मला थांबावंसं वाटतं. नाण्याच्या पुढच्या बाजूवर सत्ता आहे. मागच्या बाजूवर बाजार आहे. आणि जे निघून गेलं आहे, तराजूत दिसणारी ती तूट, तिच्यात हजारो अनाम हात आहेत. त्या हातांची दुसरी कुठलीही नोंद शिल्लक नाही.

चुकांची वंशावळ

नाणी कोणी पाडली हे समजायला इतिहास वाचावा लागला, इतिहासासाठी संस्कृत साधनं वाचावी लागली. संस्कृत पक्कं करायला त्यांनी भर्तृहरी घेतला. नीतिशतक, शृंगारशतक, वैराग्यशतक. शंभर-शंभर श्लोकांची तीन शतकं, सोपं काम वाटेल असं. मराठी माणसाला तर वामन पंडितांच्या अनुवादामुळे हा कवी घरचाच.

पण पोथ्या उघडल्यावर दिसलं की कुठल्याच दोन पोथ्या नीट जुळत नाहीत. एका पोथीत जो श्लोक आहे तो दुसऱ्या पोथीत नाही. एका ठिकाणी नीतीत आहे तो दुसरीकडे वैराग्यात. का, ते आपल्याला आज चांगलं कळू शकतं. व्हॉट्सॲपवर पु. ल. देशपांड्यांच्या नावानं फिरणारे सगळेच परिच्छेद पुलंचे नसतात. कोणाला तरी एखादं वाक्य आवडतं, ते पुलंसारखं वाटतं, आणि खाली नाव चिकटतं. भर्तृहरीचं हेच झालं होतं, आणि तेही काही शतकं.

कोसंबींनी ३७७ हस्तलिखितांचा आधार घेतला. प्रश्न पुन्हा नाण्यांसारखाच होता. नक्कल करताना लेखनिक चुकतो. त्याची चूक पुढच्या नकलेत उतरते, तिथे नवी चूक मिसळते. म्हणून दोन पोथ्यांमध्ये एकच विचित्र चूक सापडली तर त्या दोघींची आई एक असणार. अशा रीतीनं पोथ्यांची घराणी ठरवता येतात. आणि जो श्लोक सगळ्या घराण्यांत आहे, तो सगळ्यांच्या मूळ पूर्वजाकडून आलेला असण्याची शक्यता मोठी. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आवृत्तीत असे भरवशाचे श्लोक २०० निघाले. बाकीचे संशयाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवले, पण फेकून दिले नाहीत. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी डेटा 'साफ' केला, पण काय काढलं आणि का काढलं, हे प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवलं.

याच वर्षांत, १९४४ मध्ये, त्यांनी जनुकशास्त्रात एक छोटा लेख लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत हे थेट मोजता येत नव्हतं. पण पुढच्या पिढीत त्यांची जोडी किती वेळा तुटते हे मोजता येत होतं. या तुटण्यावरून अंतर काढायचं सूत्र त्यांनी दिलं. आजही पिकांचा जनुकीय नकाशा तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' नावाचा पर्याय असतो. भंडारा जिल्हा धानाचा आहे. धानाच्या वाणांवर काम करणारा कोणी संशोधक तो पर्याय निवडतो तेव्हा तो याच माणसाचं नाव निवडत असतो.

नाण्याची झीज, लेखनिकाची चूक, जनुकांच्या जोडीचं तुटणं. तिन्ही ठिकाणी बाकीच्यांना नुकसान दिसत होतं. कोसंबींना तिथे माहिती दिसली.

यंत्र आणि मर्यादा

१९४५मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणं पुण्यातच. डेक्कन क्वीननं रोज मुंबईला जाणं-येणं, आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायपीट. १९४८-४९मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिका आणि इंग्लंडमध्ये इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करायला गेले. भारतात तेव्हा संगणक नव्हता. पुढे टाटा संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला, त्याला अजून दहा-बारा वर्षं होती.

पण संगणकाशी कोसंबींचं खरं नातं त्याआधीच जुळलं होतं. १९४३च्या एका निबंधात त्यांनी एक गणिती कल्पना मांडली. गुंतागुंतीच्या, सतत बदलणाऱ्या गोष्टीचे असे घटक पाडायचे की पहिल्या काही घटकांतच बहुतेक सगळं येईल. नंतर कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली आणि बरीच वर्षं ती त्या दोघांच्याच नावानं ओळखली गेली. आता अनेक अभ्यासक कोसंबींचं नाव आधी जोडतात. चेहरे ओळखण्याचे सुरुवातीचे प्रोग्रॅम, प्रतिमांचा आकार कमी करण्याच्या काही पद्धती, खळाळत्या प्रवाहांचा अभियांत्रिकी अभ्यास, या सगळ्यांत याच घराण्याचं गणित आहे.

एवढं वाचून त्यांचं देवघर उभारायला नको. १९५९मध्ये त्यांनी संभाव्यतेच्या मार्गानं रीमनच्या गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा केला. ते गणितातलं सर्वांत अवघड कोड्यांपैकी एक, आणि सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांमध्ये त्यांची पत त्यामुळे घसरली. पन्नास नाणी जुळली म्हणून एक्कावन्नावं जुळेलच, असं शुद्ध गणितात चालत नाही. जी नजर तक्षशिलेच्या चांदीवर इतकी चोख चालली, तिला तिथे मर्यादा होती.

मोजायचं कोणासाठी

कोसंबींना नुसतं आकडेमोडीतलं कौशल्य असतं तर मी हा लेख लिहिला नसता. मोजण्याच्या मागे एक नैतिक प्रश्न असतो हे त्यांनी कधी सोडलं नाही.

भर्तृहरीच्याच बाबतीत पाहा. नीती आणि वैराग्य शिकवणारा थोर कवी, अशी त्याची प्रतिमा. १९४१मधल्या एका लेखात कोसंबींनी विचारलं, हे वैराग्य कोणाचं आहे? त्यांना त्यात संन्यासी दिसला नाही. श्रीमंतांच्या दारात आश्रय शोधून थकलेला, शिकलेला पण गरजू माणूस दिसला. नीती आकाशातून पडत नाही, ती कोणाच्या तरी पोटाच्या प्रश्नातून येते, असा हा मुद्दा होता. तुम्हाला तो पटो वा न पटो, त्यानंतर नीतिशतक पूर्वीसारखं वाचता येत नाही.

कार्ल्याच्या लेण्यांतही त्यांनी हेच केलं. खांबांवरचे ब्राह्मी लेख वाचताना ते राजांपाशी थांबले नाहीत. दान कोणी दिलं? धेनुकाकट नावाच्या गावचे लोक, त्यांत एक सुतार, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, काही यवन. मग त्यांनी विचारलं, लेणी नेमकी इथेच का? उत्तर पायी फिरून शोधलं: घाट उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा.

आणि हाच प्रश्न त्यांनी आपल्या काळाच्या अभियांत्रिकीला विचारला. १९६०मध्ये पुण्यात दिलेल्या एका भाषणात त्यांनी अणुऊर्जेच्या खर्चावर बोट ठेवलं आणि या देशावर वर्षभर फुकट पडणाऱ्या उन्हाकडे लक्ष वेधलं. भाभांच्या संस्थेत नोकरी करत असताना हे बोलणं सोपं नव्हतं. १९६२मध्ये त्यांचा त्या संस्थेशी संबंध संपला. पाण्याच्या बाबतीतही मोठ्या धरणांपेक्षा जागोजागी पाणी अडवणाऱ्या छोट्या बंधाऱ्यांच्या बाजूनं ते बोलत राहिले. मोठं बांधकाम डोळ्यांत भरतं. पाणी कोणाच्या शेतापर्यंत पोचतं, हा वेगळा आकडा आहे.

पवनीत हे वाचताना

आता आमच्या गावाकडे येतो. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून मोठा स्तूप निघाला. त्याच्याभोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. एका शिल्पाखाली 'मुचरिंद नाग' अशी नोंद आहे, बुद्धावर फणा धरणाऱ्या त्या नागाची. म्हणजे इथल्या लोकांनी स्तूप बांधताना एक प्रकारचं रजिस्टरही बांधलं. कोणी किती मोठा, हे त्यात नाही. कोणी हातभार लावला, ते आहे.

त्याच्या शेजारी दुसरं बांधकाम ठेवून पाहू. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा, पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. अकरा किलोमीटरहून लांब धरण, ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. या आकड्यांची मी थट्टा करत नाही. पाण्याविना धान वाळताना ज्यानं पाहिलंय तो कालव्याच्या पाण्याला नावं ठेवणार नाही.

पण कोसंबी वाचल्यावर माझी नजर नाण्याच्या मागच्या बाजूकडे जाते. धरणात ज्याची जमीन गेली त्याचं नाव सातबाऱ्यावर असतं, म्हणून त्याचं नुकसान रकान्यात बसतं, कमी-जास्त का होईना. ज्याची जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचा, जो ढिवर नदीच्या त्या विशिष्ट डोहात जाळं टाकायचा, त्याचं काय गेलं हे कोणत्या रकान्यात लिहायचं? डोहाचा सातबारा नसतो. मी रोज डेटाबेसवर काम करतो, म्हणून सांगतो: टेबलात रकाना नसेल तर ती गोष्ट शून्यसुद्धा दिसत नाही. ती दिसतच नाही. आणि टेबलात कोणते रकाने असावेत हे संगणक ठरवत नाही. माणूस ठरवतो. तो तांत्रिक निर्णय दिसतो, पण असतो नैतिक.

आमच्या जिल्ह्यात पाण्याचं दुसरं एक जुनं शास्त्रही आहे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून उतार पाहून, माती पाहून इथे तलाव बांधले. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देतो, दोन्हींमध्ये धानाच्या बांध्या. नकाशा नाही, लेव्हल काढायचं यंत्र नाही. १९५१मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि कागदावर त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' झालं. लोक लाडानं मामा तलाव म्हणतात. मालकी बदलली तशी पाळीची डागडुजी, गाळ काढणं ही वर्षानुवर्षांची गावची कामं कोणाची, हा प्रश्न तयार झाला. कोसंबी ज्या छोट्या पाणीसाठ्यांच्या बाजूनं बोलत होते, त्यांची अख्खी पाठशाळा इथे पावसात उघडी पडलेली आहे.

तलाव गाळानं भरतो, ती झीजच आहे, फक्त उलट्या दिशेची. गाळाचे थर मोजले तर कोणत्या काळात किती माती वाहून आली, वरचं जंगल कधी तुटलं, देखभाल कधी थांबली, हे वाचता येऊ शकतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ज्याला तलाव माहीत आहे असा म्हातारा माणूस, एक मोजपट्टी आणि सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवणारी वही लागते. वहीऐवजी तुमच्या हातातला फोनही चालेल.

धर्मानंद कोसंबींनी १९४७मध्ये आमच्याच विदर्भात, सेवाग्रामला देह ठेवला, अन्नत्याग करून. त्यांनी आयुष्यभर दुःखाचं कारण शोधणाऱ्या माणसाचा अभ्यास केला. मुलाला धर्माचं बोलणं मानवलं नाही, त्यानं तराजू हाती घेतला. पण त्यानं तोललं ते बापाच्या विषयापासून फार दूरचं नव्हतं. कोणाचं काय झिजलं, हेच दोघं शोधत होते.

पवनीच्या कठड्यावरची काही अक्षरं आता पुसट झाली आहेत. दगडही झिजतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती कोरली, त्यांच्याकडे छिन्नी होती आणि कोणाचं नाव गाळायचं नाही एवढा निश्चय होता. आपल्याकडे छिन्नीपेक्षा कितीतरी चांगली साधनं आहेत.